क्रमशः, नाताळ विशेष

एखाद्या दिवाळी अंकातली दीर्घकथा ऐन रंगात आलेली असताना पानाच्या तळाशी ‘क्रमशः’ दिसलं, तर मराठी वाचक काय करील? संपादकाला खरमरीत पत्र लिहील, हे फारच सौम्य उत्तर झालं. ब्रिटनमध्ये मात्र एक साप्ताहिक दर डिसेंबरात नेमका हाच उद्योग करतं, आणि त्याचे वाचक कुरकुरत, दातओठ खात, पण न चुकता त्या अंकाकडे डोळे लावून बसतात. मला आधी भेटली ती ही कुरकुर. अंक नंतर वाचला.

साप्ताहिकाचं नाव ‘२००० एडी’. विज्ञानकथांचं कॉमिक. पहिल्या अंकावर तारीख २६ फेब्रुवारी १९७७, किंमत आठ पेन्स, सोबत भिरकवायला प्लास्टिकची एक चकती फुकट. तेव्हा २००० साल इतकं लांब होतं की नुसता आकडा छापला की भविष्य झालंच. इतकी वर्षं आपण टिकू असं काढणाऱ्यांनाही वाटलं नव्हतं म्हणतात, आणि त्यात नवल नाही. त्या काळी तिथली मुलांची साप्ताहिकं दोन-चार वर्षांत आटपत. आटपायची रीतही ठरलेली होती. एके दिवशी अंकात वाचकांसाठी आनंदाची बातमी झळकायची, आणि जाणत्या पोरांच्या पोटात गोळा यायचा, कारण बातमी एवढीच असायची की पुढच्या आठवड्यापासून तुमचं कॉमिक दुसऱ्या एका कॉमिकमध्ये विलीन होत आहे. ‘स्टारलॉर्ड’ १९७८ साली आणि ‘टॉर्नेडो’ १९७९ साली असं ‘२००० एडी’च्या पोटात गेलं. गिळणारा मात्र अजून जिवंत आहे.

त्याच्या अंकाला ‘प्रॉग’ म्हणतात. नेहमीचा प्रॉग ३२ पानांचा. नाताळचा म्हणजे थेट १००, आणि तो एकच अंक तीन आठवडे पुरवायचा. ही प्रथा सुरू झाली १९९९च्या डिसेंबरात. क्रमांक खरा ११७०च्या घरात चालला होता. पण सहस्रक बदलतंय आणि आपलं नावच ‘२००० एडी’, म्हणून त्या अंकावर सरळ ‘प्रॉग २०००’ छापून मोकळे झाले. जानेवारीत पुन्हा ११७४ पासून मोजणी पुढे चालू. पुढे हळूहळू चालत चालत खरा दोन हजारावा अंक सप्टेंबर २०१६मध्ये आला. संग्राहकांच्या कपाटात त्यामुळे दोन हजार नंबरचे दोन अंक आहेत, आणि मला हा गोंधळ मनापासून आवडतो. क्रमांक चुकवायचाच तर असा, उजळ माथ्याने चुकवावा.

तर नाताळचा प्रॉग निघतो आणि वाचकांचं सुरू होतं. शंभर पानं मिळाल्याचा आनंद पहिल्या वाक्यात उरकतो. मग रडगाणं: निम्म्या गोष्टींचे पहिलेच भाग, पुढचं जानेवारीत. मुखपृष्ठावर सांताक्लॉज आहे, याचा वैताग. नसला तर मग हा नाताळचा अंक कसला? अंकाचा नायक जज ड्रेड, त्याची गोष्ट हलकीफुलकी असली तर पोरकट म्हणायचं, गंभीर असली तर सणासुदीला एवढी माणसं मारायची काय गरज होती म्हणून विचारायचं. वर्गणीदारांचं दुःख वेगळं. दुकानात बुधवारी येणारा अंक त्यांना आधीच्या शनिवारी घरपोच मिळायची सवय, आणि डिसेंबरातलं टपाल कुठल्याही देशात डिसेंबरातलं टपालच. ज्याला मिळाला त्याने तोंड बंद ठेवायचं, ज्याला नाही मिळाला त्याने दाराकडे बघत बसायचं. सगळ्यांत नाजूक वाद वाचनाच्या क्रमाचा. काही जण ड्रेड आधी उरकतात, काही तो शेवटी राखून ठेवतात, आणि संपादकाने लावलाय त्याच क्रमाने पान एक ते पान शंभर वाचणारा एक सोवळा पंथ आहे. मी राखून ठेवणाऱ्यांतली. पण एवढ्या सगळ्या मालिकांच्या पहिल्या भागांपेक्षा शेवटाला कलाटणी देणारी चार-पाच पानांची एखादी सुटी कथा मला जास्त समाधान देते. ‘फ्यूचर शॉक्स’ नावाखाली ते १९७७पासून अशा कथा छापत आलेत, आणि अॅलन मूरसारख्यांचे हात त्यांवरच बसले.

ही सगळी तक्रार जाते कुणाकडे? थार्गकडे. थार्ग हा ‘२००० एडी’चा संपादक, हिरवा, परग्रहावरचा, बीटलज्यूझ ताऱ्याकडचा. म्हणजे आपल्या काक्षी ताऱ्याकडचा, मृगातला तो तांबूस. हा गृहस्थ प्लास्टिकचे कप खातो, वाचकांना पृथ्वीवरची पिल्लं समजतो आणि लेखक-चित्रकार ही आपली यंत्रं आहेत असं सांगतो. यंत्रांनी उशीर केला की त्यांना शिक्षा. खुर्चीवरची खरी माणसं बदलत गेली, थार्ग मात्र पहिल्या अंकापासून तोच आहे. ही युक्ती ज्याला सुचली त्याला वाचक नावाचा प्राणी बरोबर कळला होता. माणसाशी भांडताना आपण भिडेखातर आवाज खाली आणतो. हिरव्या माणसाशी कडाकडा भांडता येतं, आणि तोही पत्रांच्या पानावर तितक्याच उद्धटपणे उत्तर देतो, वर छापलेल्या पत्राबद्दल ‘गॅलॅक्टिक ग्रोट’ नावाच्या चलनात मोबदला जाहीर करतो.

आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात असा मोबदला मिळत असता, तर एक गृहस्थ गब्बर झाले असते.

त्यांच्याकडे येतेच. आधी हे, की सुटीचा विशेषांक ही चीज आपण तिकडूनच उचलली. डिकन्स त्याच्या साप्ताहिकांचे नाताळ अंक काढायचा; १८६६च्या अंकात ‘द सिग्नलमन’ ही भुताची गोष्ट आली, ती अजून भीती घालते. तसले इंग्रजी अंक डोळ्यांपुढे ठेवून काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. (हे मित्र मूळचे आजगावकर. बंगालीच्या प्रेमात माणूस आडनावापर्यंत गेला.) तेव्हा ब्रिटनचा नाताळ प्रॉग आणि आमच्या वाचनालयातले अंक चुलत भावंडंच म्हणायची.

वाचनालयात दिवाळी अंक योजना असे. एकदाच पैसे भरायचे, मग होळीपर्यंत एका वेळी एक अंक घरी. अंक आला की त्याला जाड खाकी पुठ्ठा, मधोमध दाभणाने टोचून दोरा, पान सतरावर शिक्का. सतरावरच का, ते ग्रंथपालांनाच ठाऊक. ‘हंस’, ‘मौज’ मोठ्या माणसांकडे जायचे. आम्हा पोरांची झुंबड ‘नवल’ आणि ‘धनंजय’वर, कारण तिथे भुतं, खून आणि अंतराळयानं एकाच अनुक्रमणिकेत नांदत. आणि त्या अनुक्रमणिकेवर पेन्सिल फिरलेली असे. बारीक टोक, उजवीकडे झुकलेलं, कुणा शिस्तीच्या माणसाचं अक्षर. प्रत्येक कथेपुढे दहापैकी गुण. सातच्या वर कुणी जात नसे. कवितांपुढे नुसती रेघ.

विज्ञानकथांवर या गृहस्थांचा विशेष डोळा. एका कथेत यान फुटतं आणि त्याचा प्रचंड आवाज नायकाच्या कानठळ्या बसवतो. तिथे समासात लिहिलं होतं, ‘निर्वातात?’ एवढंच. पुढे दोन पानांनी नायक मंगळावरून पृथ्वीवर बोलतो आणि लगेच उत्तर येतं, तिथे मंगळाचं कमीत कमी अंतर, प्रकाशाचा वेग आणि भागाकार मांडून उत्तर काढलेलं: तीन मिनिटं, एका बाजूने. खाली दोन रेघा. प्रेमात पडणारा यंत्रमानव आला की ‘हा गेल्या वर्षीही होता’ असा शेरा, आणि अंकाचं नाव, पान क्रमांक. शेवट आधी कळला तर कुठल्या पानावर कळला त्याची नोंद. माझा तर भौतिकशास्त्राशी पहिला परिचय त्या समासात झाला. शाळेत नंतर तोच धडा आला तेव्हा तो फार मिळमिळीत वाटला.

मग एका वर्षी ‘निर्वातात?’च्या जातीच्या एका शेऱ्याखाली निळ्या शाईत उत्तर उमटलं: ‘गोष्ट आहे. ऐका.’ आमच्यात खळबळ. पेन्सिलवाल्यांना पुन्हा तोच अंक मिळून त्यांनी ते पाहिलं असणार, कारण थोड्या दिवसांनी खाली आलं: ‘ऐकतोच आहे. म्हणून तर आवाज खटकला.’ शाईवाल्या बाई होत्या असं माझं पक्कं मत, अक्षराच्या वेलांट्यांवरून. माझ्या भावाच्या मते तो आयटीआयमधला कुणी तरुण मास्तर. त्या हिवाळ्यात आम्ही कथांसाठी अंक बदलत नव्हतो. भांडण कुठवर आलं ते बघायला बदलत होतो. ग्रंथपाल काका रोज संध्याकाळी खोडरबर घेऊन बसायचे आणि पेन्सिलीची बाजू पुसून टाकायचे. शाई पुसता येत नसे, त्यामुळे महिन्याभरात अशी परिस्थिती झाली की उत्तरं शिल्लक आणि प्रश्न गायब. ‘तुम्हाला कुणी वाचायला सांगितलं होतं?’ असं एक वाक्य एका अनाथ समासात नुसतंच उभं होतं. पेन्सिलवाल्यांनी त्यावर तोडगा म्हणून पेन्सिल जास्त दाबायला सुरुवात केली. पुसलं तरी कागदावर वळ राहत. पान दिव्यासमोर तिरकं धरलं की वाचता येई.

आता वाटतं, संपादकांना यातलं काहीच कळत नसेल. ज्या लेखकाला पावणेसात गुण मिळाले (एकदा मिळाले होते, पाव कशाचा कापला ते लिहिलेलं नव्हतं) त्याला ती बातमी कधी पोचली नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कुणा नारायण विनायक जगतापांची ‘कृष्णविवर’ पहिली आली आणि हे जगताप म्हणजे टोपण नावाने, पत्नीच्या हस्ताक्षरात कथा धाडणारे जयंत नारळीकर निघाले. त्यांची एखादी कथा या पेन्सिलीखालून गेली असेल तर? भागाकार बरोबर आलेला पाहून गृहस्थ बहुधा हिरमुसले असते.

‘२००० एडी’च्या वाचकांना निदान कुणावर चिडायचं हे माहीत होतं. तिथल्या साप्ताहिकांत पूर्वी लेखक-चित्रकारांची नावंच छापत नसत. पोरांना आपला आवडता चित्रकार नुसत्या रेषेवरून ओळखावा लागे. चित्रकार केव्हिन ओनीलने १९७७मध्येच अंकात नावांच्या चौकटी घुसवल्या: अमुक कथा-रोबो, तमुक चित्र-रोबो. गंमत म्हणून घातलेल्या त्या चौकटींनी माणसांना श्रेय दिलं. आपल्या कित्येक दिवाळी अंकांत कथेवर चित्र काढणाऱ्याची सही अजून भिंगातून शोधावी लागते.

नावं कळली की निष्ठाही जडतात. कार्लोस एझ्केरा हा स्पॅनिश चित्रकार. ड्रेडचं रूप त्याचं. ‘स्ट्रॉन्शियम डॉग’ या मालिकेतला पांढऱ्या डोळ्यांचा जॉनी अल्फाही त्याचाच. १९९०मध्ये जॉनीला मारायचं ठरलं तेव्हा एझ्केराने ते चित्र काढायला साफ नकार दिला. दुसऱ्यांनी काढलं. वाचकांनी सुतक पाळलं म्हटलं तरी चालेल, आणि ते जवळजवळ दहा वर्षं चाललं. मग १९९९च्या त्या नाताळ प्रॉगमध्ये जॉन वॅग्नर आणि एझ्केरा या मूळ जोडीने जॉनीला परत आणलं. त्याला उठवलं नाही. त्याच्या हयातीतली गोष्ट नव्याने सांगायला घेतली, आणि तिथेही शेवटी ‘पुढील अंकी’. यावर कुणी कुरकुर केली असेल असं मला वाटत नाही. शेरलॉक होम्सला ‘स्ट्रँड’ मासिकात मारलं तेही डिसेंबरातच, १८९३च्या. इंग्रजांचा हा महिना मरणा-उठण्याचा दिसतो. पुढे जॉनीला कबरीतून खरोखरच बाहेर काढण्यात आलं, तेव्हा मात्र वाचकांत दोन तट पडले. मी कबरीच्या बाजूची. एझ्केरा स्वतः १ ऑक्टोबर २०१८ला गेला.

आणि ड्रेड? मेगा-सिटी वनमधला हा पोलीस, न्यायाधीश आणि फाशी देणारा, तिन्ही एकच. (स्टॅलोनने १९९५च्या सिनेमात त्याचं शिरस्त्राण काढून चेहरा दाखवला, त्याची माफी अजून मिळालेली नाही.) ड्रेडचं वय घड्याळाबरोबर वाढतं. १९७७ साली त्याची गोष्ट २०९९मध्ये घडत होती. अंतर १२२ वर्षांचं, ते कायम. म्हणजे दर नाताळला तोही एका वर्षाने म्हातारा होतो, आणि वाचकही. तेव्हा दहा वर्षांचा असलेला पोरगा आता साठीकडे झुकला, ड्रेड हिशोबाने ऐंशीच्या घरात. भविष्यातल्या उपचारांवर ओढतोय गाडी. वाचकांची त्यावरून घनघोर चर्चा चालते: निवृत्त करा, मारा, की चाललंय तसंच चालू द्या.

इंद्रजाल कॉमिक्समधल्या आपल्या वेताळापुढे ही अडचण नव्हती. बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो, जंगलातल्या लोकांना वाटतं तोच तो, अमर. एकविसावा वेताळ चालू आहे आणि कवटीच्या गुहेत बाकीचे वीस ओळीने. लहानपणी मला ही व्यवस्था फार पटायची. आता त्यात जरा लबाडी दिसते. ड्रेडसाठीही तशी सोय करून ठेवलेली आहे. त्याच रक्ताचा, तीच हनुवटी असलेला रिको नावाचा तरुण क्लोन गोष्टीत केव्हाच येऊन दाखल झाला. मला तो अजिबात आवडत नाही.