जहाजांतील खोली आणि आमचें बोचकें

प्रवासास निघणाऱ्या मनुष्याची परीक्षा त्याच्या सामानावरून होते, असें आम्हीं वर्गांतील मुलांस पुष्कळ वेळां सांगितलें आहे. छत्तीस वर्षें फळ्यापुढें उभें राहून जें शिकविलें, त्याच विषयांत आमची स्वतःची परीक्षा गेल्या फाल्गुनांत झाली, आणि तींत आम्ही नापास झालों. ती हकीकत सांगावी व तीपासून वाचकांस कांहीं उपयोग व्हावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

हल्लीं मुंबईहून निघून गोव्यास जाणारीं व उतारूंस परत मुंबईस आणून सोडणारीं सहलीचीं मोठीं जहाजें असतात. त्यांस लोक ‘क्रूझ’ म्हणतात. आमच्या विवाहास चाळीस वर्षें पुरीं झालीं म्हणून चिरंजीवांनीं आम्हां उभयतांसाठीं असा दोन रात्रींचा प्रवास ठरवून दिला. समुद्र आम्हांस अगदींच नवा नव्हता. १९६८ सालीं, दहा वर्षांचे असतांना, आम्ही आईबरोबर भाऊच्या धक्क्यावरून कोंकणच्या बोटींत बसून हर्णैस आजोळीं गेलों होतों. तेथें बोट किनाऱ्यास लागत नसे. ती दूर उभी राही आणि उतारूंस पडावांत उतरावें लागे. आईजवळ एक वळकटी, एक फिरकीचा तांब्या आणि कमरेस एक बटवा होता. उतरतांना तिनें वळकटी व तांब्या खुशाल खलाशाच्या स्वाधीन केला, परंतु बटव्यास त्याला हात लावूं दिला नाहीं. “वळकटी समुद्रांत गेली तर दुसरी मिळेल,” ती म्हणाली. बटव्यांत होतें तरी काय? सुंठ, चार लवंगा, खडीसाखरेचे खडे, थोडे पैसे आणि मामांचा पत्ता! आम्हांस त्या वेळीं तिचें हसूं आलें.

असो. आतां फाल्गुनांतील प्रवासाकडे वळूं. आमच्या सौभाग्यवतीस कित्येक वर्षें मधुमेह आहे व जेवणापूर्वीं इन्सुलिन टोंचून घ्यावें लागतें. सामान बांधण्याचें काम आम्हीं मोठ्या उत्साहानें आपणांकडे घेतलें. औषध सर्वांत महत्त्वाचें, म्हणून तें सर्वांत सुरक्षित जागीं असावें, ह्या तर्कानें तें मोठ्या पेटीच्या मध्यभागीं, शालींच्या घड्यांत, नीट गुंडाळून ठेवलें. साखर मोजण्याचें यंत्रहि तेथेंच. तर्क निर्दोष होता. फक्त एक गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती. बंदरावर मोठ्या पेट्या खोलीच्या क्रमांकाची चिठ्ठी लावून घेतल्या जातात, आणि हजारों पेट्यांतून आपली पेटी खोलीच्या दाराशीं येईपर्यंत बहुधा संध्याकाळ होते.

दुपारीं एक वाजतां आम्ही जहाजावर चढलों. भोजनगृहांत पदार्थांची रेलचेल होती. सौभाग्यवतीनें ताट घेतलें आणि हलकेंच विचारलें, “अहो, औषधाची पिशवी कोठें आहे?” त्या प्रश्नानें आमच्या घशाला कोरड पडली. तिनें दोन फोडी काकडी व वाटीभर दही घेतलें आणि ती खोलींत जाऊन बसली. आम्ही दोनदां चौकशीच्या मेजापाशीं गेलों. तेथील तरुणानें नम्रतेनें सांगितलें कीं, पेट्या येत आहेत. बाहेर ऊन रणरणत होतें. धक्क्यावर तापलेल्या पेटींत इन्सुलिनचें काय होत असेल, हा विचार डोक्यांतून जाईना. साडेसहा वाजतां पेटी आली. मग कोठें आम्हांस सुचलें कीं, एवढ्या मोठ्या जहाजावर दवाखाना असणारच! वास्तविक दुपारींच तेथें जावयास हवें होतें. तेथील डॉक्टरांनीं रक्तांतील साखर पाहिली, औषध तपासलें, वापरण्यास हरकत नाहीं म्हणून सांगितलें, आणि आमच्याकडे असें पाहिलें कीं, नापास विद्यार्थ्याकडे आम्हीहि तसेंच पाहत आलों आहों. सौभाग्यवती एक शब्द बोलली नाहीं. ती रागावली असती तर आम्हांस बरें वाटलें असतें.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं, आणि पडल्या पडल्या आमच्या सामानाचा हिशेब मनाशीं मांडला. तो येथें देतों.

खोली लहान असते. आमची दीडशे चौरस फुटांच्या आसपास असेल. आंतील बाजूची असल्यामुळें तिला खिडकीहि नव्हती. दिवा मालवला कीं दिवस आहे कीं रात्र, हें समजत नाहीं. म्हणून एक लहानसें घड्याळ आणि बॅटरीवर चालणारा मंद दिवा जवळ असावा. रात्रीं न्हाणीघराकडे जातांना म्हाताऱ्या माणसाचा पाय ठेचाळत नाहीं. भिंती बहुधा पोलादी असतात. त्यांना चुंबकाच्या खुंट्या चिकटतात. शेजारच्या खोलींतील एका कुटुंबानें अशा चार खुंट्यांवर टोप्या, पिशव्या व उपरणीं टांगून जमीन मोकळी ठेविली होती. आमचे कपडे मात्र खुर्चीवर, आणि आम्ही उभे! पेटी बिछान्याखालीं सरकेल एवढ्याच उंचीची असावी. जाड टॉवेल तेथें मिळतात, परंतु आपला पंचा घरून न्यावाच. तो न्हाणीघरांतल्या दोरीवर तासाभरांत वाळतो. यंत्रानें गार केलेल्या हवेसाठीं एक शाल, आणि ओल्या फळीवर न घसरणारीं पायताणें, एवढें पुरे.

पोट ढवळण्याचा त्रास असेल तर जहाजाच्या मध्यभागाची व खालच्या मजल्यावरची खोली मागावी, कारण तेथें हेलकावे सर्वांत कमी लागतात. आलेपाकाची वडी तोंडांत धरावी, वर येऊन क्षितिजाकडे पाहावें. डॉक्टरांनीं गोळी दिली असल्यास ती त्रास होण्यापूर्वींच घ्यावी.

काय नेऊं नये, हेंहि सांगितलें पाहिजे. इस्त्री, पाणी तापविण्याची किटली, मेणबत्ती, उदबत्ती व निरांजन ह्यांस बहुतेक जहाजांवर बंदी असते. घरीं आपण जी अनेक खांचांची विजेची पट्टी वापरतों, तीहि बहुधा काढून घेतात. जहाजांतील विजेची मांडणी घरच्याहून निराळी असते. तेथें दोन्ही तारांत विद्युद्दाब असतो आणि घरगुती संरक्षक पट्टी तापून पेट घेण्याचा संभव असतो. समुद्रांत आग लागली असतां घर सोडून रस्त्यावर धांवतां येत नाहीं. सौभाग्यवतीस निरांजनावांचून चुकल्याचुकल्यासारखें झालें. परंतु मानसपूजेस शास्त्रांत स्थान आहे, आणि तिला तेल-वात लागत नाहीं.

एक वस्तु मात्र जहाजवाल्यांनींच आपल्यासाठीं ठेविलेली असते, ती म्हणजे तरंगण्याचें जाकीट. तें कोठें आहे, हें खोलींत शिरतांच पाहावें आणि संकटप्रसंगींच्या कवाइतीस टाळाटाळ करूं नये. १९१२ सालीं टायटॅनिक बुडाल्यावर १९१४ सालीं समुद्रावरील जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१२ सालीं इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा काँकॉर्डिया कलंडली, त्यानंतर ही कवाईत जहाज निघण्यापूर्वीं किंवा निघतांच झाली पाहिजे, असा नियम २०१५ पासून लागू झाला. आम्हां महाराष्ट्रीयांस तर इतकें दूर जावयास नको. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. आमची आई बोटींत पाऊल ठेवण्यापूर्वीं हात कां जोडीत असे, हें आम्हांस पुढें कळलें.

औषध घेऊन, थोडें जेवून, त्या रात्रीं आम्ही दोघें कांहीं वेळ वर जाऊन उभीं राहिलों होतों. जहाज नुकतेंच बंदराबाहेर पडत होतें. उजवीकडे कुलाब्याच्या टोकाचें, १८७५ मध्यें बांधलेलें प्राँग्जचें दीपगृह लुकलुकत होतें. पुढें डावीकडे खांदेरीचें, त्याहून आठ वर्षांनीं वडील. लहानपणीं हे दिवे पाहतांना आईचा हात बटव्यावर होता. तिला जें समजलें होतें, तें आम्हांस समजण्यास इतकीं वर्षें लागलीं. सामानाचे भाग दोनच: ज्यावांचून अडेल तें, आणि ज्यानें सोय होईल तें. पहिलें सदैव अंगाशीं असावें. दुसरें पेटींत जावो, उशिरा येवो.

दुसऱ्या दिवशीं गोव्यास उतरल्यावर सौभाग्यवतीनें बाजारांतून एक कापडी पिशवी विकत घेतली. इन्सुलिन, यंत्र, खडीसाखर, डॉक्टरांची चिठ्ठी, ओळखपत्रें आणि कागदावर लिहिलेले चिरंजीवांचे व शेजाऱ्यांचे दूरध्वनि-क्रमांक, असें सर्व तिनें तींत भरलें व ती खांद्याला अडकविली. भर समुद्रांत घरचा मोबाईल मुका होतो, म्हणून हा कागद.

परतीच्या रात्रीं मोठी पेटी दाराबाहेर ठेवावयाची होती. ती आम्हींच ठेविली. सकाळीं मुंबई दिसूं लागली, तशी तिनें तो कागद पुढें केला व म्हणाली, “मुलाला कळवा, पोंचलों म्हणून.” आम्हीं कागद जवळ धरला, लांब धरला, अक्षर लागेना. आमचा चष्मा मोठ्या पेटींत होता.

ह्या वेळीं मात्र ती मनापासून हंसली.