शक्करचा चिल्ला

आमच्या घरी ससे आले ते जून महिन्यात, शाळा उघडायच्या आठवड्यात. धाकट्याने महिनाभर हट्ट धरला होता. मिरजेच्या बाजारात एक जण पिंजरे मांडून बसला होता, त्याच्याकडून दोन पिल्ले घेतली. एक पांढरेशुभ्र, एक तपकिरी. "दोन्ही माद्या आहेत मॅडम, भांडणार नाहीत," असे त्याने छातीठोकपणे सांगितले. मुलांनी पांढरीचे नाव ठेवले शक्कर आणि तपकिरीचे बादाम. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "आता खीरच करायची राहिली."

मागच्या अंगणात, पेरूच्या झाडाखाली, जाळीचा मोठा पिंजरा केला. गवत, कोथिंबिरीच्या काड्या, मेथी, कधी गाजर. मुले शाळेतून आली की दप्तर फेकून आधी पिंजऱ्याकडे. घरात कुणी आजारी असल्यासारखी त्यांची विचारपूस चाले. आम्हाला वाटत होते, आपण त्यांना फार छान सांभाळतो आहोत.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. तेरा वर्षांची माझी लेक अंगणातून आली आणि म्हणाली, "अम्मी, बादाम सारखी शक्करच्या पाठीवर का चढते?"

मी मान वर केली नाही. म्हटले, "खेळतायत. जा, अभ्यास कर."

"सुट्टी आहे अम्मी."

"मग दादीला पाणी नेऊन दे."

ती गेली. मी तांदूळ निवडत राहिले. उर्दू शाळेत मी मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते. वर्गात माझे ठरलेले वाक्य आहे, "ज्याला प्रश्न पडत नाही त्याला उत्तर सापडत नाही." ते वाक्य त्या दिवशी मला आठवले नाही, असे म्हणणार नाही. आठवले होते.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी धाकटा रडतच आत आला. "शक्करचे केस गळतायत!" जाऊन पाहते तर पिंजराभर पांढरी लव. शक्कर स्वतःच्याच पोटाचे, गळ्याखालचे केस तोंडाने उपटत होती आणि कोपऱ्यातल्या गवतात नेऊन रचत होती. मला वाटले, खरूज झाली. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, ती बाळंतपणाची तयारी करते आहे."

दुपारपर्यंत त्या लवेच्या ढिगात पाच पिल्ले होती. बोटाएवढी, गुलाबी, केस नाहीत, डोळे मिटलेले. मुले नाचू लागली. शेजारणी बघायला आल्या. बादाम त्याच पिंजऱ्यात होता, कारण त्याला बाहेर काढायला हवे हे आम्हाला ठाऊकच नव्हते. खरे तर तो "ती" नसून "तो" आहे हे तेव्हा तरी लक्षात यायला हवे होते. पण आनंदाच्या गडबडीत तेवढा साधा हिशेबही कुणी केला नाही.

आमच्याकडे माया खूप होती. माहिती काहीच नव्हती.

रविवारभर शक्कर पिल्लांकडे फिरकली नाही. दूर, दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. शेजारची एक बाई म्हणाली, "तुम्ही हात लावलात ना पिल्लांना? माणसाचा वास लागला, आता आई जवळ करणार नाही." मला धस्स झाले. सकाळी गवत नीट करताना मी खरेच हात लावला होता. संध्याकाळी गाईचे दूध कोमट केले, त्यात थोडे पाणी घातले आणि औषधाच्या ड्रॉपरने एकेकाच्या तोंडात सोडायला सुरुवात केली. लेक टॉर्च धरून बसली होती. तीन पिल्लांनी तोंड घट्ट मिटले. दोन लहानखुऱ्या पिल्लांनी दूध घेतले, म्हणजे मला तसे वाटले. एकाच्या नाकातून फेस आला. मी पदराने पुसला.

सोमवारी सकाळी ती दोन्ही पिल्ले थंड पडलेली होती. लेकीने त्यांना पेरूच्या मुळाशी पुरले. दिवसभर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

शाळा सुटल्यावर शक्कर आणि बादामला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग एकेक गोष्ट समजावून सांगितली. सशाची आई पिल्लांना ऊब द्यायला त्यांच्यावर बसून राहत नाही. पिल्लांजवळ राहिले तर शिकारी प्राण्याला घर सापडेल, म्हणून ती मुद्दाम लांब राहते. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, बहुतेक पहाटे नाहीतर रात्री येते, तीन-चार मिनिटे पाजते आणि निघून जाते. तिचे दूध इतके दाट असते की तेवढे पुरते. पाळीव सशीण आपल्याच माणसाच्या हाताच्या वासाने पिल्ले टाकत नाही. पोट गोल, टम्म असेल तर पिल्लू प्यालेले आहे. खपाटीला गेलेले, सुरकुतलेले असेल तर काळजी करायची. गाईचे दूध त्यांच्यासाठी नाही. आणि ड्रॉपरने घाईने सोडलेले दूध सरळ फुप्फुसात जाते.

शेवटचे वाक्य त्यांनी खाली बघून सांगितले. मला राग नाही, लाज वाटली.

मग त्यांनी बादामला उलटे धरून पाहिले. "हा बाप आहे. कालपासून दोघे एकत्रच आहेत?"

"हो."

"मग एक महिन्याने पुन्हा या."

मला कळले नाही. तेव्हा त्यांनी सांगितले की सशाची मादी गाईसारखी ठराविक दिवसांनी माजावर येत नाही. नराशी संग झाला की त्यानंतरच तिचे बीज सुटते. त्यामुळे ती जवळजवळ कधीही गाभण राहू शकते, अगदी व्यायलेल्या दिवशीसुद्धा. चार महिन्यांचे झाले की लहान जातीचे ससे वयात येतात. दिवस भरतात ३० ते ३२. दोन महिन्यांच्या पिल्लांमध्ये नर-मादी ओळखताना विकणाऱ्यांची हमखास चूक होते, म्हणून घरी आणताच दाखवून घ्यायचे असते.

घरी येताना रिक्षात मी बोटांवर मागे ३१ दिवस मोजले. तांदळाच्या ताटापाशी येऊन थांबले.

त्या रात्री बादामसाठी वेगळा पिंजरा आला. पिल्लांसाठी आंब्याची जुनी लाकडी पेटी घेतली, तळाला सुके गवत अंथरले आणि शक्करने उपटलेली सगळी लव वेचून त्यात घातली. पेटीची कड एवढी उंच, की शक्करला उडी मारून आत जाता यावे, पिल्लांना मात्र सरपटत बाहेर पडता येऊ नये. थंडीचे दिवस होते, पेटी व्हरांड्यात भिंतीशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी फजरच्या आधी उठले. दिवा न लावता दाराशी बसले. बऱ्याच वेळाने अंधारात काहीतरी पांढरे हलले. शक्कर पेटीपाशी आली, कान टवकारले, टुणकन आत गेली. पिल्लांवर पाय फाकून उभी राहिली. आतून बारीक चुरचुर आवाज येत होता. मी मनात अंक मोजत होते, दोनशे वीसपर्यंत पोचले तेव्हा ती बाहेर पडली आणि काही घडलेच नाही अशा थाटात कोपऱ्यात जाऊन बसली. मी हात घालून पाहिले. तिन्ही पोटे पिकलेल्या बोरासारखी गोल. मी लेकीला उठवून आणले आणि तिचा हात पेटीत घातला. रविवारनंतर ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "म्हणजे ती येतच होती, अम्मी?"

"येतच होती. मीच घाई केली."

तीच वेळ होती. मी तिला व्हरांड्याच्या पायरीवर बसवले आणि दिवाळीच्या सुट्टीत तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले. सशांचे दिले, मग माणसांचेही. माझी जीभ दोन-तीनदा अडखळली. तिला मात्र बरेच ठाऊक होते. थोडे बरोबर, थोडे मैत्रिणींकडून आलेले चुकीचे. आपण गप्प बसलो म्हणून मुले अज्ञानी राहत नाहीत. ती दुसरीकडून शिकतात, एवढेच.

दहा-बारा दिवसांत पिल्लांचे डोळे उघडले. पण डॉक्टरांचे भाकीतही खरे ठरले. दोन आठवड्यांनी त्यांनी शक्करचे पोट हलक्या हाताने चाचपले आणि म्हणाले, "आहेत." ऑपरेशनची सोय इथे नव्हती. तीन पिल्लांना पाजत असतानाच तिच्या पोटात दुसरी वाढत होती. पाठीचा कणा हाताला लागू लागला होता. डॉक्टरांनी लसूणघास सुरू करायला सांगितला, सुके गवत आणि स्वच्छ पाणी चोवीस तास समोर हवे म्हणाले, आणि नवी पिल्ले यायच्या चार दिवस आधी जुनी तिन्ही वेगळी करायची.

ही गोष्ट जेवताना निघाली. सासूबाईंचा घास हातातच राहिला. घरी आम्ही दख्खनी बोलतो. त्या म्हणाल्या, "उसकू दम तो लेने देव." मग नातीकडे बघून सांगू लागल्या, "तुझ्या मोठ्या चाचांना अंगावर पाजत होते, तेव्हाच तुझे अब्बा पोटात होते. विहिरीवर पाणी भरताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. आम्हाला चाळीस दिवसांचा चिल्ला मिळायचा, डिंकाचे लाडू मिळायचे. पण चिल्ला संपला की पुन्हा तेच. सात बाळंतपणे झाली, पाच जगली. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. या बिचारीला तर एक दिवसाचाही चिल्ला मिळाला नाही."

माझे पती ताटाकडे बघत होते. लग्नाला अठरा वर्षे झाली, सासूबाईंच्या तोंडून हे मी प्रथमच ऐकत होते. लेक उठली आणि दादीला टेकून बसली.

या काळात सल्ले पुष्कळ मिळाले. गल्लीतले मटणवाले चाचा प्रेमाने म्हणाले, "मॅडम, ससा हलालच आहे. एवढे सांभाळणार कसे? मोठे झाले की सांगा." त्यांचे काही चुकले नव्हते. आमच्या घरीही मटण शिजते, त्यांच्याशी वाद कोणत्या तोंडाने घालणार? पण मुलांनी नाव ठेवून वाढवलेले जनावर त्यांच्याच ताटात वाढणे माझ्याने झाले नसते. मांजरीला बांधून उपाशी ठेवणाऱ्या बाईची हकीकत आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकली आहे. आम्ही सशांना उपाशी ठेवले नव्हते. पण पिंजऱ्याची कडी आपल्या हातात असते, तेव्हा जबाबदारी केवळ चाऱ्यापाशी संपत नाही. कुणाला कुणाबरोबर आत ठेवायचे, हेही त्याच हाताने ठरवायचे असते. जंगलात शक्कर पळून तरी गेली असती.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार पिल्ले झाली. एक मेलेलेच जन्मले. तीन जगली. या वेळी कुणी ड्रॉपर शोधला नाही. लेक रोज सकाळी एकदा पोटे तपासायची आणि वहीत बरोबरची खूण करायची.

पुढचे थोडक्यात सांगते. बादामला फेब्रुवारीत पुण्याला नेऊन त्याची नसबंदी करून घेतली. त्यानंतरही दीड महिना त्याला वेगळे ठेवले, कारण ऑपरेशनच्या दिवसापासून नर लगेच निर्धोक होत नाही. पिल्ले अडीच महिन्यांची व्हायच्या आत डॉक्टरांकडून नर-मादी तपासून घेतली आणि भावांना बहिणींपासून वेगळे केले. सशांना भाऊ-बहीण असे नाते कळत नाही. मग ओळखीच्या घरी एकेक, दोन-दोन करून दिली. नर आणि मादी मिळून कुणालाच दिली नाहीत. प्रत्येक घरी सोबत एक कागद दिला, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. काय खाऊ घालायचे, काय नाही, कानाला धरून उचलायचे नाही, आणि सगळ्यात आधी नर की मादी ते डॉक्टरांना दाखवून खात्री करायची. मराठीची बाजू लेकीने लिहिली. मी शुद्धलेखन तपासले, एक अक्षर खोडले नाही.

दुसरी पिल्ले सहा आठवड्यांची झाली, तेव्हा ती शक्करपासून वेगळी केली. त्या दुपारी ती पेरूच्या सावलीत एका कुशीवर पडली होती, मागचे पाय लांब ताणून, पोट उघडे टाकून. पोटावरची लव पुन्हा भरून आली होती. ससा निर्धास्त असल्याशिवाय असा पडत नाही. धाकटा घाबरून म्हणाला, "अम्मी, शक्करला काय झालं?"

सासूबाई खाटेवर तस्बीह घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "काही नाही रे. झोपू दे तिला. तिचा चिल्ला आज पुरा झाला."