नाताळचा हिशोब जानेवारीतच

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घोडेगावहून शनिशिंगणापूरकडे वळणाऱ्या गाड्यांची रांग लांबत जाते. शाळांना नाताळची सुट्टी असते, नोकरदारांना उरलेल्या रजा संपवायच्या असतात आणि सरत्या वर्षाचा निरोप देवदर्शनाने घ्यायची अनेकांची पद्धत असते. मुंबई-पुण्याचं कुटुंब आधी शिर्डीला जातं, तिथून सुमारे 70 किलोमीटरवरच्या शिंगणापूरला येतं. नगर-संभाजीनगर रस्त्यावर घोडेगावच्या पुढे वडाळा बहिरोबा लागतं. तिथल्या ख्रिस्ती मिशनच्या परिसरात याच दिवसांत घराघरांवर ताऱ्यांचे कंदील लागलेले असतात. नेवासे तालुक्यात नाताळचा खर्च असा दोन प्रकारच्या घरांतून होतो. एक घर सुट्टीवर निघालेलं, दुसरं सण साजरा करणारं. दोघांची मिळकत वेगळी, पण अडचण एकच: डिसेंबर उजाडेपर्यंत या खर्चाचा आकडा कुणी काढलेलाच नसतो.

सणाच्या घरापासून सुरुवात करू. अमेरिकन मराठी मिशनचं नगरमधलं काम 1831 साली सुरू झालं, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक तिथूनच 1842 मध्ये निघालं. जवळपास दोनशे वर्षांत इथला नाताळ पुरता मराठी झाला आहे. केक असतोच, पण त्याच्या आधी करंज्या, चकल्या, शंकरपाळे तळले जातात. सगळ्यांना नवे कपडे घ्यायचे, लेकीला माहेरी आणायचं, मंडळीची (चर्चची) वर्गणी द्यायची, मुलांच्या नाटकाचा पोशाख शिवायचा, गाणी म्हणत दारी येणाऱ्या तरुणांना चहा-फराळ करायचा. यातलं काहीच उधळपट्टी नाही. गरीब घर वर्षातून एकदा मन भरून खर्च करत असेल, तर त्याला काटकसरीचं प्रवचन देणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही.

प्रश्न वेळेचा आहे. कॅथलिक कुटुंब सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जाऊन आलेलं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारची दिवाळी येते आणि मुलांना फटाके-कपड्यांपासून दूर ठेवणं कुणालाच जमत नाही. मग नाताळ. चार महिन्यांत तीन मोठे खर्च होतात. मिळकत मात्र या क्रमाने येत नाही. सोनईच्या मुळा कारखान्याला ऊस घालणाऱ्याला तोड कधी मिळते, यावर सगळं अवलंबून. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत आणि उशीर झाला तर 15 टक्के व्याज. पण ज्याची तोडच जानेवारीत आली, त्याच्या हाती नाताळला काय असणार? शेतमजुराचं गणित तर आठवड्याच्या बाजारावर चालतं. त्यामुळे सणाचा पैसा सणानंतर येतो आणि मधली फट दुकानदाराची उधारी, बचत गटाचं किंवा फायनान्सवाल्यांचं कर्ज भरून काढतं. गटातलं ‘शेकडा दोन’ ऐकायला हलकं वाटतं. ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला 24 टक्के.

फायनान्सवाल्यांच्या सूक्ष्म कर्जाबाबत एक नियम प्रत्येक बाईला पाठ असावा. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनुसार घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या मासिक मिळकतीच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत, आणि सूक्ष्म कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड घेता येत नाही. कारखान्याचं किंवा कांद्याचं बिल आलं की आधी हे कर्ज मिटवावं, मग बाकीचं बघावं.

सणाच्या या उधारीवरचा उपाय ख्रिस्ती घरांना नवीन नाही. दशांश देणारं कुटुंब महिना संपल्यावर काय उरतं ते बघत बसत नाही. मिळकत हाती पडताच दहावा हिस्सा बाजूला निघतो आणि घर उरलेल्यात चालतं. हीच शिस्त नाताळच्या खर्चाला लावायची. समजा एका घराला नाताळसाठी 12,000 रुपये लागतात. जानेवारीपासून ठेवायला घेतले तर महिन्याला 1,000. दिवाळीला जाग आली तर हाती सहा ते दहा आठवडे उरतात. सात आठवडे धरले तर दर आठवड्याला 1,700 च्या वर ठेवावे लागतील आणि मजुरीवरच्या घराला ते झेपणारं नाही. अशा घराने यंदा आकडाच खाली आणावा आणि पुढच्या नाताळची ठेव येत्या जानेवारीत उघडावी.

अशी ठेव ही जुनी कल्पना आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल ट्रस्ट कंपनीने 1909 मध्ये ‘ख्रिसमस क्लब’ खातं काढलं. वर्षभर थोडं थोडं भरायचं आणि सणाच्या तोंडावर एकरकमी घ्यायचं. आपल्याकडच्या दिवाळी भिशीची रीत याहून वेगळी नाही. पण पैसा कुठे ठेवला आहे, हे ठेवण्याइतकंच महत्त्वाचं. इंग्लंडमध्ये फेअरपॅक नावाची कंपनी लोकांकडून वर्षभर नाताळचे पैसे गोळा करून सणाआधी वस्तू आणि व्हाउचर देत असे. 2006 च्या ऑक्टोबरात ती बुडाली. एक लाखाहून जास्त लोकांचे पैसे अडकले आणि त्यात बहुतेक कष्टकरी कुटुंबं होती. त्यांनी काटकसर अगदी नेमाने केली होती.

नगर जिल्ह्याला हे दुःख परकं नाही. रिझर्व्ह बँकेने 4 ऑक्टोबर 2023 रोजी नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही आणि ओळखीच्या माणसाने चालवलेल्या भिशीला तर कशाचाच आधार नाही. नाताळचा पैसा बँकेच्या आवर्त ठेवीत किंवा गटाच्या बँक खात्यातच असावा. दोन टक्के जास्त व्याजाच्या आशेने तो दुसरीकडे नेऊ नये.

आता सुट्टीवर आलेलं घर. शिंगणापूरची घरं दाराविना म्हणून जगभर ओळखली जातात. युको बँकेने 2011 मध्ये इथे शाखा उघडली तीही गावाच्या श्रद्धेला मान देऊन, ‘बिनकुलपाची’. पण बाहेरून आलेल्याचा खिसा रिकामा व्हायला चोर लागत नाही. गाडी वाहनतळावर लागायच्या आधीच लटकू आडवे येतात. भाविकांना गाठून ठरावीक दुकानात नेणाऱ्या दलालांना इथे लटकूच म्हणतात. तेल, रुईच्या पानांची माळ, काळं कापड, नाल, उडीद असं ताट हातात दिलं जातं आणि किंमत नंतर कळते. देवाच्या दारात घासाघीस करायला माणूस लाजतो, आणि नेमक्या त्या लाजेचा भाव लावला जातो. शिंगणापूरला प्रामाणिक दुकानदारही आहेत आणि या प्रकाराने सगळ्यात जास्त बदनामी त्यांचीच होते.

2025 च्या मार्चपासून देवस्थानाने शनिदेवाला फक्त नामांकित कंपनीचं खाद्यतेल वाहायचा नियम केला. भेसळीच्या तेलाने शिळेची झीज होऊ नये, हा त्यामागचा हेतू. भाविकाचाही यात फायदा झाला, कारण सीलबंद बाटलीवर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. ती वाचावी, तेवढेच पैसे द्यावेत. निघण्यापूर्वी घरीच पूजेची रक्कम ठरवून वेगळ्या पाकिटात घालावी आणि पाकीट संपलं की पूजा झाली असं समजावं.

सुट्टीतला सगळ्यात महाग खर्च मात्र शिंगणापुरात होत नाही, तो घरी परतल्यावर क्रेडिट कार्डाच्या बिलात दिसतो. हॉटेल, गाडीभाडं, मुलांच्या भेटी मिळून कार्डावर 20,000 झाले आणि जानेवारीत फक्त ‘किमान रक्कम’ भरली, ती बहुधा पाच टक्के, म्हणजे 1,000. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर ते 700, त्यावर 18 टक्के जीएसटी 126. भरलेल्या हजारातून मूळ कर्ज जेमतेम 174 रुपयांनी कमी झालं. शिवाय आधीची बाकी असताना नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदत मिळत नाही, म्हणजे जानेवारीतल्या किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. प्रवास परवडत नसेल तर तो संक्रांतीनंतर करावा. गर्दी कमी असते आणि खोल्याही स्वस्त मिळतात.

वडाळा, राहुरी, नगर, श्रीरामपूरच्या मंडळ्यांना आणि पाळकांना एक विनंती आहे. नाताळच्या वर्गणीची आणि सामुदायिक जेवणाची रक्कम डिसेंबरात जाहीर करू नका. वर्षाच्या पहिल्या रविवारी, उपासना संपल्यावर ती सांगा, आणि त्याच दिवशी मंडळीतल्या बायकांच्या गटांची नाताळ ठेव बँकेत सुरू करून द्या.