दळण

आमच्या घरी पीठ विकत आणत नाहीत. दर आठवड्याला ज्वारी निवडायची, डबा भरायचा, तो कमरेवर घेऊन गिरणीत जायचे आणि आपला नंबर लागेपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहायचे, हे काम मी पाचवीत असल्यापासून माझ्याकडे आहे. आता कोपऱ्यावरच्या दुकानातही पिठाच्या सुबक पिशव्या मिळतात. पण आईचे म्हणणे ठरलेले असते. "पिशवीत काय आहे ते पिशवीला ठाऊक. आपल्या डब्यात काय आहे ते मला ठाऊक." गिरणीवाले काका डबा हातात घेताना दर वेळी एकच प्रश्न विचारतात, "जाड की बारीक?" आणि मी दर वेळी एकच उत्तर देते, "नेहमीचं."

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र मी एक वेगळेच दळण घातले. ते साडेतीन दिवस चालले आणि शेवटी त्याने मला रडवले.

झाले असे, की आमच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन गेलेल्या एका ताईंचा जुना लॅपटॉप मी साडेसात हजार रुपयांना घेतला. पैसे आईच्या बचत गटातून कर्जाऊ मिळाले. आई गटाची सचिव आहे. तेव्हा आपोआपच असे ठरले, की गटातल्या अकरा बायकांचा हिशेब यापुढे वहीबरोबर लॅपटॉपवरही राहील आणि तो मी मांडून देईन. म्हणजे यंत्र माझे, पण त्यावर हक्क अकराजणींचा!

ताईंनी त्यात लिनक्सचा जेन्टू नावाचा प्रकार घालून ठेवला होता. लिनक्सचे बहुतेक प्रकार आपल्याला तयार पीठ देतात. दुसऱ्या कोणीतरी दळून ठेवलेले प्रोग्रॅम उतरवून घ्यायचे आणि वापरायचे. जेन्टूची रीत निराळी. तो धान्य देतो. प्रोग्रॅम माणसाने ज्या भाषेत लिहिला तो मूळ मजकूर तुमच्या यंत्रावर येतो आणि तुमचेच यंत्र तो दळून, म्हणजे कंपाईल करून, स्वतःच्या मापाचा प्रोग्रॅम बनवते. डॅनियल रॉबिन्स या गृहस्थांनी सुरू केलेल्या या प्रकाराची पहिली पक्की आवृत्ती 2002 साली आली. जेन्टू हे एका पेंग्विनचे नाव. पाण्याखाली सर्वांत वेगाने पोहणारा पेंग्विन तो हाच म्हणतात. ज्याच्या नावातच वेग, त्याने मला साडेतीन दिवस बसवून ठेवावे, ही गंमत मला पुढे कळली.

लिनक्सला मुळात चेहरा नसतो. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरे, एवढ्यावर त्याचे भागते. खालची पट्टी, खिडक्या, चित्रे, घड्याळ, म्हणजे आपण ज्याला संगणक समजतो तो सारा संसार वेगळा घालावा लागतो. त्याला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. ताईंचा संसार केडीई प्लाझ्माचा होता. दिसायला देखणा, पण माझ्या चार जीबी स्मृतीच्या म्हाताऱ्या यंत्राला पेलवेना. हिशेबाची फाईल आणि ब्राउझर एकदम उघडले, की पंखा घुरघुरू लागे आणि बाण जागीच थिजून जाई. थोरल्या बहिणीचा सदरा घातल्यासारखे मला वाटे. कापड चांगले, पण बाह्या हाताखाली लोंबताहेत.

म्हणून मी एक्सएफसीई घालायचे ठरवले. केडीई आणि एक्सएफसीई या दोहोंचा जन्म 1996 सालचा. केडीईची हाक जर्मनीतल्या मॅथियास एट्रिख या विद्यार्थ्याने दिली. एक्सएफसीईची सुरुवात ऑलिव्हिए फुर्दाँ यांनी एकट्याने केली. ज्या साहित्यावर त्यांनी ते प्रथम रचले ते पूर्णपणे मुक्त नव्हते. म्हणून पुढे त्यांनी सारे काम नव्या साहित्यावर पुन्हा लिहून काढले. हे वाचले तेव्हा मला धीर आला. बांधलेले घर उतरवून पुन्हा बांधणारी माणसे जगात आहेत, तर मी एक पट्टी आणि चार खिडक्या बदलायला का भ्यावे?

जेन्टूमध्ये दळण सुरू करण्याआधी एका फाईलमध्ये काही शब्द लिहायचे असतात. त्यांना यूज फ्लॅग म्हणतात. जे हवे त्याचा नुसता शब्द लिहायचा. जे नको त्याच्यापुढे वजाचे चिन्ह. हा गिरणीवाल्या काकांचाच प्रश्न होता, जाड की बारीक? फक्त इथे तो शेकडो गोष्टींबद्दल होता. आणि खरे सांगायचे तर मला त्याची नशा चढली. आजवर मला कोणी काय विचारले होते? गणवेश शाळेने ठरवला, जुनी पुस्तके ज्या मुलीकडून मिळाली तिच्या खुणांसकट आली, महाविद्यालयात विषय घेताना ज्या तुकडीत जागा होती तो विषय घेतला. इथे मात्र एक यंत्र माझ्यापुढे बसून विचारत होते, "तुम्हाला काय नको?" माझ्याकडे छपाईयंत्र नाही, छपाईला वजा. ब्लूटूथ नाही, त्याला वजा. केडीईला वजा, प्लाझ्माला वजा. एक शब्द होता 'इलॉगइंड'. नाव कधी ऐकले नव्हते. ज्याचे नाव माहीत नाही ते मला कशाला लागणार? त्यालाही वजा!

बुधवारी सकाळी दळण लागले. ताई गेल्यापासून यंत्रणा अद्ययावत केलेली नव्हती, त्यामुळे नव्या घराआधी जुना पायाच पुन्हा भरून निघणार होता. घाई म्हणून मी चार कामे एकदम लावली. तासाभरात स्मृती भरली आणि काम कोसळले. गिरणीच्या तोंडात अख्खा डबा ओतला तर दुसरे काय होणार? मग दोन कामांवर आणले. एलएलव्हीएम नावाच्या एकाच पोत्याने जवळजवळ पूर्ण दिवस खाल्ला. गुरुवारी संध्याकाळी वीज गेली. बॅटरी जुनी, वीस मिनिटांत यंत्र झोपले. सुदैवाने जेन्टूला राहिलेली यादी आठवते. वीज आल्यावर 'रिझ्यूम' म्हटले, की तो अर्धवट राहिलेले एक पोते पुन्हा पहिल्यापासून घेतो, आधीची दळलेली तशीच राहतात.

आई अधूनमधून येऊन पळणाऱ्या अक्षरांकडे पाहून जाई. "हे सगळं घरीच दळायचं असतं का गं?" तिने विचारले. मी सांगितले, की 2023 च्या अखेरीपासून जेन्टूही पुष्कळसे तयार पीठ देऊ लागला आहे, आणि हिशेबाचे लिब्रेऑफिस तर मी तयारच आणले आहे. ते घरी दळायला घेतले असते तर यंत्राचा जीवच गेला असता. आई म्हणाली, "मग ठीक. पापड आपणही विकतच आणतो."

शुक्रवारी रात्री दळण संपले. मी जुना प्लाझ्मा साफ काढून टाकला, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले आणि नवे घर उघडण्याची आज्ञा दिली. पडदा क्षणभर लुकलुकला आणि पुन्हा काळा झाला. खाली इंग्रजीत दोन शब्द होते. त्यांचा अर्थ, परवानगी नाकारली.

पुन्हा आज्ञा दिली. पुन्हा तेच. जुने घर मी माझ्या हातांनी पाडले होते आणि नव्याला दार नव्हते. रविवारी चार वाजता गटाची बैठक. हिशेबाची फाईल आत सुखरूप होती, पण काळ्या पडद्यावर ती अकराजणींना दाखवायची कशी? ज्यांच्या पैशाने यंत्र आले त्यांना काय सांगायचे? पोरीने उगीच हात लावला आणि मोडून ठेवले, असेच ना? त्या रात्री मी पांघरुणात तोंड खुपसून रडले. आईने कूस बदलली, पण काही बोलली नाही.

शनिवारी सकाळी मी यंत्राने लिहून ठेवलेली नोंद ओळीओळीने वाचायला बसले. शेजारी फोनवर जेन्टूचे हँडबुक आणि मांडीवर शब्दकोश. दुपारी कळले. इलॉगइंड म्हणजे यंत्रापुढे कोण बसले आहे याची नोंद ठेवणारा कारकून. कोण आत आले, कोण गेले हे तो लिहितो आणि जो समोर बसला आहे त्याच्या हाती पडदा, कळफलक, उंदीर यांचा ताबा देतो. तोच नाही, म्हणून मला माझ्याच यंत्रात परवानगी नव्हती!

मी आईला हाक मारून सांगितले, "अगं, मी गटाची सचिवच काढून टाकली होती." आई हसली. "सचिव काय करते ते बैठकीला कोणाला दिसत नाही," ती म्हणाली. "एका महिन्यात ती आजारी पडली, की पेटीची किल्ली कोणाकडे यावरून भांडणं." मग पदराला हात पुसत म्हणाली, "नको म्हणायला हरकत नाही. पण आधी विचारावं, तू काय करतोस बाबा?"

मी ते एक वजाचे चिन्ह पुसले. जेवढ्या पोत्यांना त्याचा संबंध होता तेवढीच पुन्हा दळायला घातली आणि यंत्र सुरू होताना इलॉगइंडनेही उठावे अशी व्यवस्था केली. रात्रीचे बारा वाजून गेले होते. आज्ञा दिली. पडदा लुकलुकला, आणि निळसर प्रकाशात वर एक पट्टी उमटली. साधी, बारीक, माझ्या मापाची. भाषा मी मराठी निवडली होती, पण अक्षरांच्या जागी नुसते चौकोन होते. देवनागरी टंकच घातला नव्हता! टंकाला दळावे लागत नाही, तो नुसता आणून ठेवायचा. ठेवला, आणि चौकोन वितळून घड्याळाशेजारी अक्षरे उभी राहिली. आई माझ्या पाठीशी येऊन उभी होती. तिने बोट ठेवून वाचले, "रविवार."

चार वाजता बैठक झाली. फाईल पटकन उघडली, पंखा घुरघुरला नाही. बायकांपैकी कोणालाही काही बदलल्याचे जाणवले नाही. एकजण एवढेच म्हणाली, "वहिनी, आज लवकर झालं की." आईने माझ्या कर्जाचा हप्ता वहीत लिहिला आणि तो मी लॅपटॉपवर चढवला.

त्या आठवड्यात मी डबा घेऊन गिरणीत गेले. काकांनी नेहमीप्रमाणे विचारले, "जाड की बारीक?" उत्तर जिभेवर आलेच होते. ते मी गिळले.

"काका," मी विचारले, "नेहमीचं म्हणजे कसं असतं हो?"

त्यांनी चालत्या गिरणीखालचे चिमूटभर पीठ माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, "बोटांनी चोळून बघ."