लालबागेचे मालक

बेंगळुरूच्या लालबागेत शिरणाऱ्या माणसाला पहिल्यांदा जाणवतो तो सावलीचा गारवा नव्हे, तर आवाजातला फरक. बाहेर डबल रोडवरून वाहनांचा लोट अखंड वाहत असतो. फाटक ओलांडून शंभरेक पावले आत गेले, की तो आवाज नाहीसा होत नाही. तो केवळ मागे सरतो, आणि त्याने मोकळ्या केलेल्या जागेत पाचोळ्याची सळसळ, साळुंक्यांचे भांडण, कुणाच्या तरी चपलांची लय असे लहानसहान ध्वनी येऊन बसतात. शहर आहे तिथेच असते. फक्त काही काळ ते माणसाला हाका मारीत नाही.

पहाटेच्या वेळी इथे येणाऱ्यांचा एक वेगळाच समाज असतो. कानटोपी घातलेले निवृत्त वृद्ध, साडीखाली पांढरे बूट चढवून झपझप चालणाऱ्या गृहिणी, योगासने करणारे गट, बाकावर वर्तमानपत्र उलगडून बसलेले एकांडे शिलेदार. कन्नड, तमिळ, तेलुगू, दखनी उर्दू आणि हिंदी यांचे तुकडे एकाच वाटेवर कानी पडतात. दुपारी यातले कुणी नसते. तेव्हा गावाकडून आलेली कुटुंबे झाडाखाली डबे उघडतात, महाविद्यालयीन जोडपी अंतर राखून किंवा न राखता बसतात, आणि एखादा थकलेला कामगार डोक्याखाली पिशवी घेऊन निश्चिंत झोपतो. महानगरात विनाकारण बसण्याची मुभा फार थोड्या ठिकाणी उरली आहे. उपाहारगृहात बसायचे तर काही मागवावे लागते, दुकानात थांबायचे तर काही विकत घ्यावे लागते. बागेत मात्र ‘तू इथे का बसलास?’ असे कुणी विचारीत नाही. हे न विचारले जाणे ही गोष्ट लहान नव्हे.

बागेच्या मध्यावर एक विस्तीर्ण, उघडाबोडका खडक आहे. प्रथमच येणाऱ्याला तो बागेतला अडथळा वाटावा इतका तो निरलंकृत आहे. त्यावर ना माती, ना झाडे. पावसाचे पाणी साचून राहिलेल्या उथळ खळग्यांत आभाळ तेवढे दिसते. परंतु लालबागेत सर्वांत जुने जर काही असेल, तर ते हेच. भूशास्त्रज्ञ ज्याला द्वीपकल्पीय नाइस म्हणतात, त्या पट्टेदार पाषाणाचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे मानले जाते, आणि राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकांत या खडकाची गणना होते. सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेल्या मराठी माणसाला आपला दगड फार पुरातन वाटतो. तो बेसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. लालबागेच्या खडकापुढे तो कालचा पोर ठरतो. या खडकावर संध्याकाळी मुले घसरगुंडी खेळतात, शेंगदाण्यांची टरफले टाकतात, आणि खडक त्याची दखलही घेत नाही.

खडकाच्या माथ्यावर एक छोटासा बुरूज उभा आहे. बेंगळुरूचे पाळेगार असलेल्या केंपेगौडांच्या घराण्याने शहराच्या चार दिशांना जे चार बुरूज बांधले, त्यांतला हा एक. नगर इथपर्यंतच वाढेल, यापलीकडे नाही, अशा समजुतीने ते उभारले गेले, असे परंपरा सांगते. ज्या नगराची ही वेस, तेच नगर पुढे १६३८ मध्ये विजापूरकरांनी जिंकले आणि जहागीर म्हणून शहाजीराजांच्या वाट्याला आले. बुरुजाने आखलेली मर्यादा कुणी पाळली नाही, हे सांगायला नकोच. आज बुरुजापाशी उभे राहून चहूकडे नजर टाकली, तर क्षितिजापर्यंत इमारतीच इमारती दिसतात. वेशीवरचा पहारेकरी आता गावाच्या पोटात उभा आहे. मर्यादेचे चिन्ह मात्र त्याच्याभोवतीच्या झाडांमुळे टिकून राहिले.

ही झाडे आपोआप राहिली नाहीत. हैदरअलीने १७६० मध्ये या बागेला आरंभ केला. सिरा येथील मोगल धाटणीची बाग त्याच्या डोळ्यांसमोर होती असे म्हणतात. टिपूने दूरदूरच्या मुलखांतून बिया आणि रोपे मागवून ती वाढवली. ज्या माणसाचे आयुष्य बहुतांशी घोड्यावर आणि रणांगणात गेले, त्याने परदेशातून रोपे आणवावीत, याचा अर्थ काय लावायचा? झाड लावणारा माणूस आपण पाहणार नाही अशा काळाशी करार करीत असतो. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. त्याचे राज्य गेले, पण बाग राहिली. ज्यांनी त्याला मारले ते तिचे नवे मालक झाले, आणि त्यांनीही ती मोडली नाही. १८५६ मध्ये तिला सरकारी वनस्पती उद्यानाचे रूप आले. १८८१ मध्ये म्हैसूरचे राज्य पुन्हा वोडेयरांकडे गेले, तेव्हा बागही गेली. आणि राजेशाही संपल्यावर ती लोकांची झाली. एकमेकांचे वैरी असलेल्या सत्तांनी किल्ले पाडले, राजवाडे लुटले, परंतु ही एक बाग हातोहात पुढे दिली. हिंदुस्थानच्या इतिहासात असे सौजन्य विरळाच.

सत्ताधीशांच्या मागे जे राबले त्यांची नावे बेंगळुरूबाहेर फारशी ठाऊक नाहीत. १८७४ ते १९०८ या काळात जॉन कॅमेरून याने बाग सांभाळली. ‘चौ-चौ’ नावाची फिकट हिरवी, पेरूच्या आकाराची वेलीवरची भाजी इथे रुजवण्याचे श्रेय त्याला दिले जाते. कन्नडमध्ये ती ‘सीमे बदनेकायी’, म्हणजे विलायती वांगे, आणि तमिळनाडूत ती ‘बेंगळुरूचे वांगे’ म्हणून ओळखली जाते. एका बागेतून एक भाजी निघते आणि शेजारच्या प्रांतात शहराचे नाव घेऊन जेवणाच्या पानात जाते, ही कीर्ती पुतळ्याच्या कीर्तीपेक्षा टिकाऊ म्हणावी लागेल. कॅमेरूननंतर आला गुस्ताव क्रुम्बिगेल. जर्मनीत जन्मलेला आणि लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेला हा माळी प्रथम १८९३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यास आला, आणि १९०८ पासून लालबागेत रमला. एका झाडाचा बहर ओसरतो न ओसरतो तोच दुसऱ्याने फुलावे, अशा हिशेबाने बेंगळुरूच्या रस्त्यांना झाडे लावण्याची दृष्टी त्याची. तो मायदेशी परतला नाही. १९५६ मध्ये त्याने याच शहरात देह ठेवला.

काचघराकडे जाणारी वाट आपोआप सापडते, कारण बहुतेक पावले तिकडेच वळलेली असतात. लंडनच्या स्फटिकमहालाची आठवण करून देणाऱ्या या लोखंड-काचेच्या वास्तूचा पाया ३० नोव्हेंबर १८८९ रोजी व्हिक्टोरिया राणीचा नातू अल्बर्ट व्हिक्टर याच्या हस्ते घातला गेला. आज तिथे दरवर्षी प्रजासत्ताकदिनाच्या आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास पुष्पप्रदर्शन भरते. साम्राज्याच्या राजपुत्राने कोनशिला बसवलेल्या छताखाली स्वतंत्र देशाचे नागरिक फुले पाहायला रांग लावतात, आणि त्या गर्दीत कुणालाही या विसंगतीची टोचणी लागत नाही. लागूही नये. सामान्य माणसाने एखादी वास्तू इतकी आपली करावी, की तिच्या जन्माचा दाखला विचारण्याची गरजच पडू नये, हाच तिचा खरा ताबा.

परंतु ताबा आणि मालकी यांत एक भेद आहे, आणि लालबागेचा प्रश्न नेमका तिथे सुरू होतो. २४० एकरांची ही भूमी आता कुणा एकाची नाही. १९७५ मध्ये कर्नाटकाने सरकारी उद्यानांच्या रक्षणासाठी कायदा केला. राजाची मर्जी होती तोवर कायद्याची गरज नव्हती; लोकांची मालकी आली तेव्हा लोकांपासूनच बाग राखण्याची व्यवस्था करावी लागली. २००९ मध्ये मेट्रो रेल्वेसाठी बागेच्या कडेची पट्टी घेतली गेली, भिंत पडली आणि झाडे तोडली गेली, तेव्हा निषेधासाठी नागरिक जमले होते. त्याच मार्गावर २०१७ पासून गाड्या धावू लागल्या, लालबागेच्या नावाचे स्थानक झाले, आणि निषेधाला आलेल्यांपैकी काहीजण त्याच स्थानकात उतरून फिरायला येत असतील. २०२५ मध्ये शहराखालून काढावयाच्या भुयारी मार्गाच्या आराखड्यात बागेचा काही भाग येतो म्हणून पुन्हा लोक गोळा झाले. प्रत्येक वेळी मागणी थोडीशीच असते, आणि प्रत्येक वेळी कारण रास्त असते. गाड्यांतून तासन्‌तास अडकून पडणारी माणसेही याच शहराची, आणि त्यांचा वेळही खराच. बागेवर चालून येणारा शत्रू असता तर त्याला ओळखणे सोपे होते. इथे चालून येते ती गरज, आणि ती घरातलीच असते.

हैदर, टिपू, कंपनी, वोडेयर यांना ही बाग राखणे तुलनेने सोपे गेले असावे. त्यांच्यापाशी जमीन मुबलक होती, आणि नकार देण्याचा अधिकार एकाच्या हाती होता. साऱ्यांच्या मालकीच्या वस्तूला नकार द्यायला सारेच लागतात. पहाटे चालणारा वृद्ध, डबा उघडणारे कुटुंब, झाडाखाली झोपलेला कामगार हे या बागेचे आजचे मालक आहेत. त्यांपैकी प्रत्येकाला बागेबाहेर पडल्यावर घरी लवकर पोहोचायचे असते. घरी लवकर पोहोचण्याची ओढ आणि इथे निवांत बसण्याची आस एकाच माणसात नांदते. दोहोंपैकी कशाला किती द्यायचे याचा निवाडा त्यालाच करायचा आहे. झाडांना त्यात मत नाही. ज्यांना ती पुढे मिळायची, त्यांनाही अजून मत नाही.