भानामतीच्या गाण्यातला ‘मी’

हॉरर रॅप लिहायला बसलं की बीटच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते. गाण्यात ‘मी’ म्हणून बोलतो तो कोण? या प्रकारात गाणारा लांब उभा राहून गोष्ट सांगत नाही. तो स्वतःच मारेकरी होतो, मढं होतो, झपाटलेला होतो आणि ऐकणाऱ्याला आपल्या डोक्यात कोंडून घेतो. नांदेड जिल्ह्यातल्या लोह्यात माझ्याकडे पोरं वह्या घेऊन येतात. पहिल्याच ओळीत कवटी, स्मशान, रक्त सगळं हजर असतं, फक्त बोलणारा माणूस सापडत नाही. मग आवाज कितीही खर्जात लावा, अंगावर काटा येत नाही.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या गेटो बॉईज या रॅप गटाचं ‘माइंड प्लेइंग ट्रिक्स ऑन मी’ १९९१ साली आलं, त्यांच्याच गावातल्या रॅप-अ-लॉट या स्वतंत्र कंपनीकडून. आयझॅक हेजच्या जुन्या रेकॉर्डवरून उचललेली गिटार आहे त्यात, अगदी मवाळ, डुलायला लावणारी. शेवटच्या कडव्यात गटातला बुशविक बिल आणि त्याचे साथीदार एका धिप्पाड माणसाला बडवत सुटतात. भानावर येतो तर समोर कुणीच नसतं. काँक्रीटवर बुक्क्या मारून त्याचेच हात रक्तानं माखलेले असतात. मी रचना शिकलो ती या कडव्यावरून. भूत दाखवायचं नाही, हात दाखवायचे.

दुसऱ्याच्या तोंडून बोलायची ही रीत मराठवाड्याला नवी नाही. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडं रचली ती याच रीतीनं. कधी ते वेडी झाले, कधी गारुडी, कधी भूत लागलेली बाई. संत माणूस, पण रस्त्यावर बोलायचं तर रस्त्यावरच्याच माणसाचं तोंड घेतलं. माझ्यासाठी आमच्या कामाचा पहिला उस्ताद तोच.

आता आमच्या मुलखातली भीती. नांदेड, लातूर आणि सीमेपलीकडच्या बिदरकडे तिला भानामती म्हणतात. घरावर दगड पडतात, वाळत घातलेली लुगडी पेट घेतात, जेवणाच्या ताटात घाण येते, पोरीच्या अंगावर फुल्या उठतात. त्या फुल्यांकडे जरा जवळून बघा. बिब्याचं तेल कातडीला लागलं की आग होते, फोड येतो, काळा डाग पडतो. काडीनं दोन रेघा ओढल्या की झाली फुली. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांनी मराठवाड्यातल्या गावांत जाऊन असे प्रकार तपासले, तेव्हा त्यांना माणसाचाच हात सापडला. कधी घरातला, कधी शेजारचा, कधी जिच्या अंगावर फुली तिचा स्वतःचाच, कारण गप्प बसवलेल्या सुनेला दुसरी वाट नव्हती.

पण फुली ही सुरुवातच. खरी भीती सुरू होते ती गावानं ‘कुणी केली?’ असं विचारल्यावर. बोट जातं ते एकट्या राहणाऱ्या विधवेकडं, मूलबाळ नसलेल्या बाईकडं, जिच्या मागं कुणी नाही अशीकडं. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमुक बाई करणी करते, मंत्रानं जनावरांचं दूध आटवते असा आळ घेऊन तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. कायद्याला आटलेल्या दुधाची नोंद घ्यावी लागली, यातच आमच्या गावांची गोष्ट आली.

म्हणून माझ्या भानामतीच्या गाण्यात ‘मी’ म्हणजे मांत्रिक नाही आणि चेटकीणही नाही. जिच्यावर आळ आलाय ती बाई बोलते. या संगीतात बाईला चिरणारे, पुरणारे ‘मी’ ढिगानं आहेत. त्यांतल्या कित्येकांची लय अफाट आहे आणि ती मी मन लावून ऐकतो. तो ‘मी’ मात्र लोह्यात मला नको. इथं ते सोंग उरत नाही, कुणाच्या तरी दारापर्यंत जाऊन पोचतं.

आवाज मी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून आणतो. यात्रा आमच्याच तालुक्यातली. वाघ्याची दिमडी, मुरळीची घाटी, तुणतुणं रात्रभर चालू असतं. संबळ एका गोंधळ्याकडून घेतला, त्याला विचारून आणि त्याची बिदागी देऊन. संबळाचा वेग निम्म्यावर आणला आणि सूर खाली ओढला की आतल्या कडक थापेचा दारावर कुणी तळहात मारावा तसा आवाज होतो. त्यावर आणखी काही चढवायची गरज राहत नाही. आवाज रेकॉर्ड करायचा तो रात्री, लातूर रोडवरचे ट्रक कमी झाले की. भिंतीला गाद्या उभ्या, पंखा बंद. ओरडून भीती येत नाही. मुरळी जागरणात रात्र कलल्यावर दमलेल्या, सपाट आवाजात गाते, तो आवाज हवा.

मराठीत रॅप लिहिताना क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं आले-गेले-बोलले अशी यमकं आपोआप पडतात आणि ओळ गुळगुळीत होते. भीतीला गुळगुळीतपणा चालत नाही. मी क्रियापदच काढून टाकतो. गाव दारात आल्याची ओळ अशी लिहिली होती : दारात चपला. समद्या वळखीच्या.

राहिलं गाणं लोकांपर्यंत नेणं. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या पोरांनी नव्वदच्या दशकात असलं अंधारं संगीत घरी बनवून कॅसेटी हातोहात विकल्या. त्यांतल्याच थ्री सिक्स माफियानं १९९५ मध्ये ‘मिस्टिक स्टाइल्झ’ काढला आणि २००६ मध्ये ऑस्करही घेतलं. आज कॅसेटही लागत नाही, फोनवरून गाणं जगभर जातं. संभाजीनगरच्या राज मुंगासेचं राजकारणावरचं रॅप असंच पसरलं आणि २०२३ च्या एप्रिलात अंबरनाथमध्ये त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. पाठीशी कंपनी नसते तेव्हा ओळ खोडणाराही कुणी नसतो आणि पोलीस आले तर शेजारी उभं राहणाराही नसतो. प्रत्येक ओळ आपल्याच अंगावर घ्यावी लागते, म्हणून मी ती फार पारखून घेतो.

भानामतीचं गाणं आता मी म्हणणार नाही. कंधारची एक पोरगी म्हणतेय. बाईचा ‘मी’ बाईच्या तोंडी आला की गाण्याचं वजनच बदलतं. तिनं पहिल्याच तालमीत चपलांची ओळ काढली. “अंधारात चपला दिसत्यात कुठं? बाया खोकल्यावरून वळखत्यात, कोन आलंय ते.” आता तिसऱ्या कडव्याआधी संबळ थांबतो आणि एकामागून एक खोकले येतात. शेवटचा खोकला भायाचा, म्हणजे थोरल्या दिराचा असावा असं ती म्हणते, कारण बाईच्या वावराला बांध त्याचाच लागून आहे. बाकीचे खोकले मिळालेत. त्या एकासाठी आम्ही अजून माणूस शोधायलोत.