बोपोडीहून धम्मभूमी, दोन चाकांवर

दर 25 डिसेंबरला आम्ही देहूरोडला जातो. 1954 साली याच तारखेला परमपूज्य बाबासाहेबांनी तेथील विहारात रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याआधी 1927 साली, 25 डिसेंबरलाच, महाडला मनुस्मृतीचे दहन झाले होते. जाळायचे काय आणि उभारायचे काय, हे एकाच तारखेने शिकवले. म्हणून हा दिवस आमच्या घरी चुकत नाही. आजवर आम्ही लोकलने गेलो, बसने गेलो, वस्तीतल्या टेम्पोत दाटीवाटीने बसून गेलो. गेल्या वर्षी मात्र आम्ही बापलेकी सायकलवरून गेलो. त्या प्रवासाची आणि तो घडला कसा याची हकीकत वाचक बंधू-भगिनींना सांगावीशी वाटते. कारण हा प्रश्न उद्या तुमच्याही घरी येणार आहे.

गोष्ट सुरू झाली जून महिन्यात. धाकटी दहावी पास झाली आणि तिला आकुर्डीला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला. घरात पेढे वाटले गेले आणि दुसऱ्याच दिवशी हिशोब सुरू झाला. आमचे घर बोपोडीला. तिथून आकुर्डी दहा-अकरा किलोमीटर. बस वेळेवर येईल याचा भरवसा नाही, आली तर पाय ठेवायला जागा नाही. लोकल दोन मिनिटांनी चुकली की पहिला तास गेला. आमचा पुतण्या म्हणाला, "काका, हप्त्यावर मोटारसायकल घ्या आणि तिला सोडत जा. आता सायकल कोण चालवतं?" आमची पाळी सकाळची आणि कारखाना खडकीला, म्हणजे नेमका उलट्या दिशेला. शिवाय हप्ता महिना तीन हजार, तीन वर्षे. छत्तीस महिन्यांचे एक लाख आठ हजार होतात. तेवढ्यात मुलीची फी, पुस्तके आणि ड्रॉइंगचे सामान सहज निघते. बरे, तिलाच स्कूटर द्यावी म्हटले तर सोळाव्या वर्षी नेहमीच्या स्कूटरचा परवाना मिळत नाही. विना परवाना मुलीच्या हाती गाडी देणे म्हणजे प्रेम नव्हे, बेजबाबदारी.

तेव्हा धाकटीच म्हणाली, "मला सायकल घ्या."

आमच्या मातोश्री ताडकन म्हणाल्या, "हायवेला पोरगी सायकलवर? डोकं फिरलंय का तुमचं?" त्यांचा धाक रास्त होता. जुना मुंबई-पुणे रस्ता काही अंगण नव्हे. आम्ही गप्प बसलो. पण रात्री जेवणे झाल्यावर त्यांनीच विषय काढला, आणि आम्ही लहानपणापासून अर्धवट ऐकलेली गोष्ट त्या रात्री नातीला पुरती सांगितली.

आमचे वडील गावाकडून येऊन खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले. हा कारखाना 1869 सालचा. भोंगा झाला की त्या वेळी रस्त्यावर सायकलींचा नुसता पूर लोटायचा. वडिलांनी पहिल्या वर्षाच्या पगारातून काळी, नळीची, चोवीस इंची सायकल घेतली. पण त्याआधी, गावी असताना, तालुक्याच्या बाजारातून भाड्याची सायकल आणली की वेशीपाशी उतरावे लागे. वरच्या आळीतून ती हातात धरून, मान खाली घालून न्यायची. वर बसून गेले तर चालायचे नाही. 1956 साली नागपूरला धम्मदीक्षा झाली, तिची वार्ता गावात आली, आणि त्यानंतर एके दिवशी आमचे वडील वेशीपाशी उतरले नाहीत. घंटी वाजवत सरळ आळीतून गेले. त्या दिवशी त्यांनी मार खाल्ला. सायकलच्या चाकाचे आरेही मोडले. त्याचे पैसे दुकानदाराला भरून द्यावे लागले.

एवढे सांगून मातोश्री थांबल्या. मग नातीला म्हणाल्या, "भ्या वाटलं, गर्दी असली, तर खुशाल उतर. पर कुणाच्या सांगण्यावरनं उतरायचं न्हाई." परवानगी मिळाली ती अशी.

आता सायकल घ्यायची तर कोणती? दुकानात गेलो तर डोळे दिपले. जाड टायरांच्या, पुढे स्प्रिंग असलेल्या, एकवीस गिअरच्या, झगझगीत रंगांच्या. धाकटीचे मन तिथेच अडकले. पण आमच्या वस्तीतल्या जुन्या सायकलवाल्या काकांना आम्ही सोबत नेले होते. नवीन घेताना असे जाणते माणूस सोबत असावे. काका म्हणाले, "बाई, डोंगर चढायचा आहे की कॉलेजला जायचंय?" स्वस्त सायकलीतली स्प्रिंग वजन वाढवते आणि पायातला जोर खाऊन टाकते. जाड खरबरीत टायर मातीत चांगले, डांबरी रस्त्यावर ते ओढत न्यावे लागते. हलक्या दर्जाचे गिअर सारखे बिघडतात आणि सुटा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. आपला रस्ता जवळपास सपाट आहे, थोडासा चढ. त्याला बिनगिअरची साधी सायकल पुरते.

मग काकांनी माप घेतले. दोन्ही पायांत सायकल घेऊन उभे राहायचे. दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकले पाहिजेत आणि नळी अंगाला लागता कामा नये. सीटवर बसून पायडल अगदी खाली नेऊन त्यावर टाच ठेवायची. गुडघा सरळ झाला की सीटची उंची बरोबर. आपल्याकडे "पोर वाढेल" म्हणून कपड्यासारखी सायकलही मोठी घेतात. ती चूक. मोठी सायकल ऐनवेळी सावरत नाही.

टायरचा आकडाही वाचून घ्या. 26 इंची म्हटले म्हणजे सगळे सारखे नसतात. 26 बाय 1⅜ चा टायर आणि 26 बाय 1.95 चा टायर एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. जो आकडा आपल्या भागातल्या दुकानात मिळतो तोच घ्यावा. जुनी घ्यायची असेल तर नळ्यांच्या सांध्यांवर चीर आहे का पाहा, पुढचा चिमटा वाकलेला नाही ना ते पाहा, चाक उचलून फिरवा, डुलत असेल तर आऊट काढण्याचा खर्च धरा. आणि फ्रेमचा नंबर घातलेली पावती मागितल्याशिवाय पैसे देऊ नका. चोरीचा माल आपल्या दारी नको.

शेवटी आम्ही बिनगिअरची, वाकड्या नळीची, 26 बाय 1⅜ ची सायकल घेतली. मागे कॅरिअर, दोन्ही मडगार्ड, आणि ओढणी अडकू नये म्हणून पूर्ण चेनकव्हर. सायकल साडेसहा हजारांची. कुलूप, पुढचा पांढरा दिवा, मागचा लाल दिवा आणि हातपंप धरून साडेसात हजार झाले. दिव्यांत काटकसर करू नका. सायकलस्वाराला रस्ता दिसणे जितके महत्त्वाचे, तितकेच मागच्या ट्रकवाल्याला सायकलस्वार दिसणे महत्त्वाचे आहे.

कॉलेज सुरू होण्याआधी रविवारी सकाळी आम्ही बापलेकी रस्ता पाहायला निघालो. आम्ही वडिलांचीच जुनी सायकल ओव्हरऑइलिंग करून घेतली होती. छर्रे नवे, चेन नवी, सांगाडा तोच.

बोपोडी सोडली की हॅरिस पूल. खाली मुळा. जवळच पवना तिला येऊन मिळते. पूल ओलांडला की दापोडी, एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा असलेले गाव. इथून निगडीपर्यंत बारा-साडेबारा किलोमीटरचा हमरस्ता. मधल्या मार्गिका वेगवान गाड्यांच्या. त्या कुठे पुलावर चढतात, कुठे खाली उतरतात. तिथे सायकलने जायचे नाही. आपण कडेच्या रस्त्याने जायचे, बसच्या बीआरटी मार्गिकेतही शिरायचे नाही. डोक्यावरून पिंपरीपर्यंत मेट्रो सोबत करते. तिच्या खांबांची सावली फुगेवाडी-कासारवाडीला उन्हात बरी वाटते.

नाशिक फाट्याला चारी बाजूंनी वाहने अंगावर येतात. तिथे धाकटी उतरली आणि सायकल हातात धरून पलीकडे गेली. मग आमच्याकडे वळून म्हणाली, "पप्पा, आजीला सांगा, माझी मी उतरले."

वल्लभनगर मागे टाकले की पुढे पिंपरी. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना 1954 साली स्थापन झाला, म्हणजे देहूरोडच्या मूर्तीचेच साल. अशा कारखान्यांच्या आधाराने या भागात कितीतरी वस्त्या उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या कामगारांच्या पोरांनी शाळा पाहिली. पिंपरी चौकात बाबासाहेबांचा पुतळा आहे. आम्ही दोघे थांबलो, वंदन केले, पाणी प्यालो. पुढे मोरवाडी, चिंचवड स्टेशन, आणि मग आकुर्डी. घड्याळात पन्नास मिनिटे झाली होती. धाकटीने वहीत हिशोबही मांडला. पुढे 44 दाते, मागे 18. पायडलच्या एका फेऱ्यात चाक जवळजवळ अडीच फेरे घेते, सायकल साधारण पाच मीटर पुढे जाते. म्हणजे घर ते कॉलेज बावीसशे फेरे. इंजिनिअरिंगचा पहिला धडा तिने रस्त्यावरच गिरवला.

सगळे गोड गोड झाले असे नाही. जुलैत पावसात ब्रेक लागेना. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकचे रबर पकड घेत नाही. पावसात वेग कमी ठेवावा, ब्रेक आधीपासून हलका दाबून रिम पुसून घ्यावी, हे ती एका रिक्षाच्या मागच्या भागाला धडकून शिकली. गुडघा फुटला, रिक्षावाल्याचे बोलणे खाल्ले. त्या रात्री मातोश्री जेवल्या नाहीत. दोन दिवस आम्हालाही वाटले, चुकलो की काय? हप्ता काढून मोटारसायकल घ्यायला हवी होती का? तिसऱ्या दिवशी ती आपणच निघाली. आम्ही फक्त ब्रेकची रबरे बदलून आणली. तेव्हापासून नियम घातला आहे. आठवड्याला हवा, पावसात भिजल्यावर चेन पुसून तेल, आणि सात वाजून गेल्यास सायकल कॉलेजच्या स्टँडला कुलूप लावून लोकलने यायचे. सायकल आहे म्हणून हट्ट करायचा नाही. तथागतांनी मध्यम मार्ग सांगितला, तो रस्त्यावरही लागू आहे.

अशा रीतीने 25 डिसेंबर आला. मातोश्री आणि धाकटीची आई लोकलने पुढे गेल्या. आम्ही दोघे पहाटे थंडीत निघालो. आकुर्डीपर्यंतचा रस्ता आता धाकटीचा रोजचा. कुठे खड्डा, कुठे पंक्चरवाला, कुठे सिग्नल लांबतो, हे तीच आम्हाला सांगत होती. पुढे ती, मागे आम्ही. निगडीचा चढ लागला तसा आम्हाला दम लागला. ती थांबली, "पप्पा, उतरा थोडं" म्हणाली. आम्ही उतरलो. निगडीच्या पुढे गर्दी विरळ होते, झाडी लागते, लष्कराची हद्द सुरू होते. एकूण सतरा-अठरा किलोमीटर झाले तेव्हा निळे झेंडे आणि पंचशील ध्वज दिसू लागले. पांढऱ्या साड्यांतल्या माय-भगिनी रांगेने चालल्या होत्या.

मातोश्री विहाराच्या वाटेवर उभ्याच होत्या. त्यांनी नातीकडे पाहिले नाही, आधी सायकलकडे पाहिले. वडिलांच्या त्या जुन्या सायकलच्या नळीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "ही आज हितवर आली." आणि पदर डोळ्याला लावला. मग आम्ही सगळे मिळून आत गेलो, बुद्धवंदना घेतली.

परत येताना रस्ता उताराचा. वारा पाठीशी होता की काय कोण जाणे, पण धाकटी आमच्या पुढे गेली ती दापोडीपर्यंत दिसली नाही. पुलावर मात्र आमची वाट पाहत थांबली होती.

बंधू-भगिनींनो, मोटारसायकल वाईट असे आम्ही म्हणत नाही. ज्याला गरज आहे, ऐपत आहे, त्याने जरूर घ्यावी. पण शेजाऱ्याने घेतली म्हणून कर्ज काढून घ्यायची आणि पोरीची फी थकवायची, हे आपल्याला परवडणारे नाही. साध्या सायकलीवर बसायला लाजू नका. तिच्यावर नुसते बसण्यासाठी आपल्या बापजाद्यांनी मार खाल्ला आहे.

जयभीम!